बॅटऱ्यांची गट्टी

माझी थोरली बहीण सुरतेला असते. आमची अक्का. दाजी मूळचे इचलकरंजीचे. मागांच्या मागे लागून तरुणपणीच सुरतेला गेले, एका प्रोसेस हाउसमध्ये तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर राहत्या सोसायटीतच सुपरवायझर म्हणून लागले. पाण्याचा पंप, लिफ्टवाल्याला फोन, वॉचमनच्या पाळ्या आणि एक बॅटरीवरची गाडी, एवढं त्यांचं राज्य. गाडी म्हणजे गोल्फच्या मैदानावर साहेबलोक जिच्यात बसून फिरतात ती. चारी बाजूंनी उघडी, वर छप्पर, ना आवाज ना धूर. सोसायटीने ती कुठल्याशा रिसॉर्टकडून जुनी विकत घेतली होती. फाटकापासून शेवटची इमारत चांगली अर्धा किलोमीटर आत, मध्ये एक चढ. म्हाताऱ्या माणसांनी भाजीची पिशवी घेऊन एवढं चालायचं कसं, म्हणून ही सोय. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर वृद्धांना फलाटावरून नेणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. त्याच जातीची.

मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निपाणीचं आमचं घर जुनं, उंबरे उंच, न्हाणी परसात. म्हणून अक्का तिला सुरतेला घेऊन गेली. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली तसा मीही बेळगावात गांधीधामच्या गाडीत बसलो आणि पुणे, वसई करत सुरतेला उतरलो. स्टेशनवर घ्यायला आलेल्या दाजींनी नेहमीचा विनोद केला. "महाराज १६६४ला आले, १६७०ला आले, दोन फेऱ्यांत काम फत्ते. आम्ही तीस वर्षं इथं बसून काय नेलं सांगा, मास्तर!" एरवी यावर ते स्वतःच मोठ्यांदा हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. गाडी बंद पडली होती.

बंद म्हणजे मोटर ठीक होती, बॅटऱ्या संपल्या होत्या. सीट उचललं की खाली लोखंडी ट्रे आणि त्यात सहा बॅटऱ्या. बॅटरी किती व्होल्टची हे तिच्या डोक्यावरची झाकणं मोजून कळतं, हे ज्ञान मला दाजींनी दिलं. एका झाकणाखाली एक घर, एका घराचे साधारण दोन व्होल्ट. तीन झाकणं असतील तर सहा व्होल्ट, चार असतील तर आठ, सहा असतील तर बारा. यांच्या बॅटऱ्या चार झाकणांच्या. आठ सक अठ्ठेचाळीस. गाडीला लागतात ते अठ्ठेचाळीस व्होल्ट.

तशाच सहा आणायच्या तर खर्च बराच आणि त्या मिळायलाही वेळ. कमिटीतल्या एकाने लिथियमचं सुचवलं. एकच पेटी, वजन निम्म्याहून कमी, पाणी घालायची कटकट नाही. पण किंमत ऐकून बाकीचे गप्प झाले, शिवाय चार्जरही बदलावा लागणार होता. मग बॅटरीच्या दुकानदाराने मधला मार्ग काढला. ई-रिक्षाला लागतात त्या बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. बारा चोक अठ्ठेचाळीस. बेरीज तीच, पैसे कमी. जुन्या सहा त्यानेच परत घेतल्या आणि त्यांचे वजनावर पैसे वळते केले. जुनी शिशाची बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत गेली पाहिजे, असा नियम आपल्याकडे २००१ सालापासून आहे. आता त्याच्या जागी २०२२चे नवे नियम आहेत. तेव्हा तेही रीतसरच झालं. फक्त जुन्या बॅटऱ्यांबरोबर त्यांना दाबून धरणाऱ्या पट्ट्या आणि लांब हुकाचे गजही त्याच टेम्पोतून भंगारात गेले. त्या वेळी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नव्या बॅटऱ्या ट्रेमध्ये ठेवल्यावर लक्षात आलं. सहांसाठी केलेल्या जागेत चार बसल्या तेव्हा एका बाजूला हातभर मोकळी जागा उरली. पुढे-मागेही बोट-बोट फट. उंचीही वेगळी. वायरी जोडायला आलेला पोरगा घाईत होता. तो म्हणाला, एकेक बॅटरी पंचवीस-तीस किलोची आहे, एवढी जड वस्तू हलतेय कुठे? मला ते पटलं. आता विचार केला की नवल वाटतं, पण त्या वेळी अगदी पटलं. जड वस्तू हलवायला कठीण हे आपल्याला माहीत असतं. ती एकदा हलली की थांबवायलाही तेवढीच कठीण, हे मात्र सुचत नाही.

दाजींना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी घरातून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. एक टोक मी धरलं. चार बॅटऱ्यांभोवती दोन फेरे, ट्रेच्या भोकांतून ओवून वर एक आडवा फेरा. आणि गाठ मी मारली. कॉलेजात असताना एन.सी.सी.त शिकलेली गाठ, पंचवीस वर्षांनीही हाताने बिनचूक घातली याचाच मला आनंद. फटींमध्ये अक्काच्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कोंबला. दाजी म्हणाले, "घट्ट बसलं न्हवं मास्तर?" मी म्हणालो, "एकदम!"

आठ दिवस गाडी छान चालली.

आईची तिथे एक मैत्रीण झाली होती, शेजारच्या गुजराती बा. आईचं माहेर चिकोडीकडचं, तिची बोलायची भाषा अर्धी कानडी, अर्धी मराठी. बांना गुजरातीशिवाय काही येत नाही. तरी दोघी संध्याकाळी देवळापर्यंत गाडीतून जायच्या, तासभर बोलायच्या आणि गाडीतून परत यायच्या. काय बोलतात हे अक्कालाही सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी त्या अशाच परत येत होत्या. सायकलवरचा एक मुलगा आडवा आला, दाजींनी करकचून ब्रेक दाबला. मुलगा वाचला, सगळे हसले, गाडी पुढे निघाली. मग चढ लागला आणि सीटखाली चरचर असा आवाज झाला. भजी तळताना होतो तसा. पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास. दाजींनी किल्ली बंद केली, हाताचा ब्रेक ओढला आणि दोघींना उतरवलं. आईला तर जवळजवळ उचललंच. नंतर सीट वर केलं. मी गॅलरीतून पाहत होतो, धावत खाली आलो.

एक बॅटरी चार बोटं सरकली होती. थर्माकोलचा चुरा झाला होता. दोरी जागेवर होती, माझी गाठही शाबूत होती. फक्त दोरी ताणून सैल पडली होती आणि सरकलेल्या बॅटरीचं सगळं ओझं तिच्या वायरीने धरलं होतं. वायर जिथे बॅटरीला बसते तो शिशाचा खुंट एका बाजूने मेणासारखा वितळला होता.

रात्री मी आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना फोन केला. त्यांनी पोराला समजवावं तसं समजावलं. वायरीचं काम वीज वाहण्याचं, बॅटरीला बांधून ठेवण्याचं नव्हे. बॅटरी सरकली की ओढ सांध्यावर येते, सांधा सैल होतो. चढावर अशी गाडी शंभराहून जास्त अँपिअर ओढते. घट्ट सांध्यातून ते निमूट निघून जातात. सैल सांध्यात अडतात आणि तिथेच उष्णता होते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंमध्ये तसं लवकरच. "आणि सर," ते म्हणाले, "चार्जिंग होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. तो सीटखाली कोंडलेला असता आणि तेव्हाच ठिणगी पडली असती तर..." पुढचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्या सीटवर माझी आई बसली होती.

मग विषय बदलावा म्हणून त्यांनी बंगळूरच्या 'रेवा' गाडीची आठवण काढली. २००१ साली रस्त्यावर आलेली ती इवलीशी विजेची मोटार. तिच्याही सीटखाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या होत्या. पुन्हा अठ्ठेचाळीसच. "तिथंही माणूस बॅटरीवरच बसायचा. पण बॅटरी जखडलेली असायची," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कमिटीची बैठक दुसऱ्या दिवशी झाली. बॅटऱ्या आणल्या कुणी, बसवल्या कुणी, बघायचं काम कुणाचं, असं विचारत विचारत बोट दाजींवर आलं. एका बॅटरीचं नुकसान आणि वायरीचा खर्च, असा हिशेब. दाजी म्हणाले, "माझ्या पगारातनं कापा." एवढंच. वर येऊन त्यांनी मुकाट्याने जेवण केलं आणि टीव्ही लावला. तीस वर्षांत मशीनवर कुणाचं बोट जाऊ दिलं नाही असं अभिमानाने सांगणारा माणूस. त्या दिवशी तो टीव्हीकडे बघत होता, पण आवाज बंद होता.

आईने खाली जायचं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज बाहेर पडा, पाय हलता ठेवा. ती पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागली. बा येऊन हाक मारून जायच्या. तिसऱ्या दिवशी आईने मला विचारलं, "कोण बांधलं होतं ते?"

आमच्या घरातलं मराठी असंच. कर्त्याला 'ने' लावायची पद्धत नाही. शुद्धलेखन शिकवून पोट भरणारा मीसुद्धा घरी तसाच बोलतो. "मी बांधलो," मी म्हणालो.

आई काही वेळ बोलली नाही. मग तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या अज्जाचं, सांगू लागली. अज्जा चिकोडीकडून निपाणीच्या पेठेत तंबाखूची बोदं घेऊन बैलगाडीने यायचे. गाडी भरायला दोन गडी असत, पण नाडा आवळायला स्वतः अज्जाच. बांधून झालं की एका बोदाला धरून हिसका द्यायचे. गाडीसकट बैल हलले तर ठीक, नुसतं बोद हललं तर सगळं सोडून पुन्हा बांधायचं. ओझं जड असलं तर बैल ओढतो, ओझं हलतं असलं तर त्याचा खांदा फुटतो, असं ते म्हणत. "गट्टी कट्टबेकु," आई म्हणाली. घट्ट बांधायला हवं.

दाजींना कानडी येत नाही. ते आतून म्हणाले, "कुणाशी गट्टी?" त्या तीन दिवसांत अक्का पहिल्यांदा हसली. आपल्या मराठीत गट्टी म्हणजे दोस्ती, पलीकडच्या कानडीत गट्टी म्हणजे पक्कं, घट्ट. तुमच्याही घरी या शब्दावरून असा घोटाळा कधीतरी झालाच असेल. उलट्या अर्थाचा शब्द मात्र सगळीकडे एकाच वंशातला. संस्कृतातल्या 'शिथिल'पासून कानडी सडिल, मराठी ढिला आणि गुजरातीत बा म्हणतात तो ढीलुं. आपण सढळ हाताने वाढतो तो सढळही त्यातलाच. पण हे वर्गात सांगायचं. त्या दिवशी मी दाजींना एवढंच म्हणालो, "चला, नीट बांधून घेऊ."

उधना-लिंबायत भागात खानदेशी माणसांची मोठी वस्ती आहे. तिथे टेम्पोच्या बॉडीचं काम करणारे एक काका दाजींच्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली अट घातली. बॅटऱ्या बाहेर काढून, गाडी रिकामी करून आणा. बॅटरी आत असताना मी वेल्डिंगची ठिणगी पाडणार नाही. मला एकदम बरं वाटलं. ज्याला भीती कुठे बाळगायची ते कळतं, त्याच्या हातात काम द्यायला हरकत नाही.

बॅटऱ्या काढताना दाजींनी हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून अक्काकडे दिली, मलाही काढायला लावली. दोन खुंटांना एकदम धातू लागला तर बोटाची राख होईल. आधी किल्ली बंद, मग सगळ्यात शेवटची निगेटिव्ह वायर सोडली, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून. मग एकेक बॅटरी पट्ट्याने उचलली. खालचा ट्रे बघितला तर जुन्या ॲसिडने जागोजागी खाल्लेला. खायच्या सोड्याचं पाणी ओतलं तसा फेस आला. फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. एका कोपऱ्यात गंज इतका होता की काकांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला तो आरपार गेला. म्हणजे आम्ही पट्ट्या जपून ठेवल्या असत्या तरी त्यांचे हूक त्या कोपऱ्यात किती दिवस टिकले असते कोण जाणे! नवी दोरी बांधतानासुद्धा आम्ही त्या भोकाकडे धड पाहिलं नव्हतं.

काकांनी तो कोपरा कापून नवा पत्रा जोडला आणि ॲसिडला टिकणारा रंग दिला. तळाला रबरशीट. चारही बॅटऱ्या एकमेकींना लागून मधोमध बसवल्या. मोकळ्या जागेत जाड प्लॅस्टिकच्या फळ्या मापाने कापून ठोकल्या, आता सरकायला बोटाचीही जागा नाही. लाकूड चाललं असतं, पण ॲसिडचं पाणी लाकूड पितं, असं त्यांचं म्हणणं. दोरीवर तर ते फार बोलले. सुताची ॲसिडाने कुजते, नायलॉनही ॲसिडापुढे टिकत नाही, वर ती ताणते. माझ्या एन.सी.सी.च्या गाठीचा विषय मी काढला नाही.

वरून अँगलची एक चौकट, खिडकीला असते तशी. ती बॅटऱ्यांच्या कडांवर बसते. झाकणं मोकळी, कारण पाणी घालायचं असतं आणि वाफ बाहेर जायची असते. खुंटांपासून ती लांब, आणि अँगलवर सगळीकडे रबरी नळी चिरून चढवलेली, न जाणो कधी वायर सुटून टेकली तर. चौकटीला धरायला खालून चार गज. खालच्या टोकाला हूक, वरच्या टोकाला आटे. वर रुंद वायसर, नट आणि त्यावर आणखी एक नट, धक्क्याने पहिला सैल होऊ नये म्हणून.

नट आवळायचं काम दाजींनी मागून घेतलं. गिरणीतला जुना हात. ते जोर लावायला लागले तसे काका म्हणाले, "बस, भाऊ, बस." फार आवळलं तर बॅटरीच्या डब्याला पोट येतं, डबा तडकतो आणि आतलं ॲसिड ट्रेमध्ये उतरतं. चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एकच कोपरा पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही. चौकट सगळीकडे सारखी टेकली की आणखी थोडंसं, आणि थांबायचं. मग काकांनी एक बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोरात हिसका दिला. अख्खी गाडी डोलली. बॅटरी जागची हलली नाही.

मी दाजींकडे पाहिलं. त्यांनाही अज्जांचीच आठवण आली असणार.

वायरी नव्या केल्या, किंचित ढिल्या ठेवून. इथे मात्र ढील हवी, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. सांधे घट्ट, वर व्हॅसलीन. वितळलेल्या खुंटाच्या बॅटरीच्या जागी त्याच बनावटीची नवी आणली, बाकीच्या तीन नव्याच असल्यामुळे जोडी जमली. काकांनी चौकटीचे आणि पत्र्याचे मिळून १८०० रुपये घेतले. बिल दिलं नाही. दाजींनी ते कमिटीला तोंडी सांगितलं आणि कमिटीने तेवढे दिले. बॅटरीचे मात्र दिले नाहीत. मी खाली जाऊन अध्यक्षांना सांगितलं की दोरी मी बांधली होती, पैसे मी देतो. ते म्हणाले, तुम्ही पाहुणे, तुमचा काय संबंध. वर आलो तर दाजी माझ्यावर चिडले. "तिथं जाऊन काय सांगितलंत मास्तर? माझी गाडी हाय ती. माझ्या गाडीवर कोण बांधतंय ते बघायचं काम माझं." त्यांनी निम्मे पैसे भरले. निम्मे मी अक्काच्या हातात कोंबले. ती आधी नको म्हणाली, मग पदराला बांधले. हे दाजींना अजून माहीत नाही. हा अंक त्यांच्यापर्यंत पोचला तर कळेल.

माझी गाडी रविवारची होती. शनिवारी संध्याकाळी बा खालून हाका मारू लागल्या. आई उठली, काठी घेतली आणि लिफ्टने खाली आली. दाजींनी गाडी आणून उभी केली. पण आई बसेना. "सीट वर करा," म्हणाली. दाजींनी केलं. आईने वाकून पाहिलं, काठी माझ्याकडे दिली आणि हात घालून चौकटीला हिसका दिला. ताकद ती कितीशी, पण दिला. मग बांनीही आपला हात घालून पाहिला. "ढीलुं नथी," बा म्हणाल्या. आई म्हणाली, "गट्टी आहे." आणि दोघी बसल्या.

मी निपाणीला परतलो, कॉलेज सुरू झालं. दर महिन्याच्या एक तारखेला दाजी नट तपासतात आणि सीटच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहितात. पावसाळ्यात एका नटाला पाव आटा फिरवावा लागला, असं त्यांनी स्वतः फोन करून कळवलं. काल मी आईला फोन केला तर ती घाईत होती. म्हणाली, "नंतर कर. आज एक तारीख. दाजी पाना घेऊन खाली गेलेत, टॉर्च धरायला मी जाते."